मोटारीचें अंतरंग आणि त्याचा मूळ रंग

जुनी मोटार दुरुस्त करणें आणि जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाडी चालूं लागली म्हणजे दुरुस्तीचें काम संपतें. जीर्णोद्धाराचा खरा वाद मात्र गाडी चालूं लागल्यावरच सुरू होतो. कारण तेथें प्रश्न गाडी कशी चालते हा नसून, ज्या दिवशीं ती कारखान्याच्या दारांतून प्रथम बाहेर पडली त्या दिवशीं ती कशी दिसत होती, हा असतो. यंत्रभागांच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर सहसा मिळतें. त्यांवर आंकडे ठोकलेले असतात आणि त्यांचीं मापें ठरलेलीं असतात. बाहेरील रोगणाचाही पत्ता लागतो. परंतु आंतल्या बैठकींवर कोणत्या रंगाचें कातडें होतें, दारांना आंतून कसलें अस्तर होतें, पायांखालचा गालिचा कोणत्या छटेचा होता आणि शिवणींवरून फिरणारा गोट काळा होता कीं पांढरा, असें विचारलें म्हणजे भल्याभल्या जाणकारांतही दोन तट पडतात.

ब्रिटिश स्पोर्ट्‌स-मोटारींच्या बाबतींत हा प्रश्न विशेष बिकट झाला आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर इंग्लंडला परकीय चलनाची निकड होती आणि तेथील मोटार-कारखान्यांना परदेशीं माल धाडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत जाग्वारची एक्सके १२० लोकांपुढें आली. १९५२ मध्यें त्याच ठिकाणीं हीली १०० दाखविण्यांत आली आणि पुढील वर्षापासून ती ऑस्टिन-हीली या नांवानें विकली जाऊं लागली. १९५५ सालीं एम्‌जीए निघाली, १९६१ सालीं जाग्वार ई-टाइप. एकट्या एम्‌जीएच्या १,०१,०८१ गाड्या १९६२ पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यांत तयार झाल्या आणि त्यांपैकीं बहुसंख्य अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेल्या. या गाड्यांचा टप मालकाच्या हौसेनें बहुधा उघडाच असे. त्यामुळें कॅलिफोर्नियाचें ऊन काय किंवा इंग्लंडचा पाऊस काय, त्यांचा मारा थेट बैठकींवर होई. कातडें कडक होऊन तडकलें कीं धनी तें उपसून टाकी आणि त्या वेळीं जें स्वस्त व हाताशीं असेल तें चढवी. तें पुष्कळदां काळें रेक्झीन असे. त्या काळीं ती केवळ एक जुनी गाडी होती. पुढें तिला पुराणवस्तूचा मान मिळेल असें त्याच्या स्वप्नांतही नव्हतें. अशा तीन-चार धन्यांच्या हातांतून गेलेल्या गाडीच्या पोटांत आज जें दिसतें तें मूळचें असेलच असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं.

पहिली अडचण रंगांच्या नांवांपासूनच सुरू होते. कारखान्यांनीं रंगांना जीं नांवें ठेविलीं तीं ग्राहकाला मोह पाडण्यासाठीं होतीं, पुढें शंभर वर्षांनीं शोध करणाराच्या सोयीसाठीं नव्हतीं. ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ हा पांढरा नसून सायीसारखा पिवळसर आहे. जाग्वारच्या यादींत ‘स्वेड ग्रीन’ असा एक रंग आढळतो. स्वेड म्हणजे लव असलेलें मऊ कातडें, म्हणून बैठकींवर तसलें कातडें असावें अशी कोणाचीही समजूत होईल. परंतु तें कातडें गुळगुळीतच असे. ‘स्वेड ग्रीन’ हें केवळ राखीकडे झुकणाऱ्या एका हिरव्या छटेचें नांव. त्यांत भर म्हणजे त्याच नांवाचें बाहेरचें रोगणही एक्सके १२० वर लावीत असत. ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’चें नांव तर जगप्रसिद्ध आहे. १९०३ सालीं गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत आयर्लंडांत झाली, तेव्हां इंग्लंडच्या गाड्या यजमान देशाच्या मानार्थ हिरव्या रंगविल्या, अशी त्याच्या उगमाची कथा सांगतात. पण त्या एका नांवाखालीं निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळ्या काळीं किती तरी हिरवे रंग विकले. नांव सांपडलें म्हणून रंग सांपडला असें समजणारा येथेंच फसतो.

तथापि शोधाचा आरंभ कागदांपासून करणेंच योग्य. इंग्लंडांत वॉरिकशायर परगण्यांतील गेडन येथें ब्रिटिश मोटार म्यूझियम आहे आणि तेथें ऑस्टिन, मॉरिस, एम्‌जी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ इत्यादि कारखान्यांच्या जुन्या उत्पादन-वह्या जतन केलेल्या आहेत. गाडीचा चॅसी-क्रमांक कळविल्यास आणि शुल्क भरल्यास त्या वह्यांच्या आधारें एक दाखला मिळतो. गाडी कोणत्या दिवशीं तयार झाली, कोणत्या दिवशीं रवाना झाली, कोणत्या देशाकडे गेली, इंजिनाचा क्रमांक काय, बाहेरचा रंग कोणता आणि आंतील रंग कोणता, इतकी माहिती त्यांत बहुधा असते. जाग्वारच्या गाड्यांसाठीं त्या कारखान्याच्या वारशाची वेगळी संस्था आहे आणि तीही असे दाखले देते. मालव्हर्न येथील मॉर्गन कारखान्यानें तर आपल्या गाड्यांच्या नोंदी स्वतःच संभाळून ठेविल्या आहेत.

कांहीं गाड्या आपला रंग स्वतःच्या अंगावर बाळगतात. सुरुवातीच्या, म्हणजे पंधराशे घन-सेंटिमीटरच्या एम्‌जीएच्या क्रमांकामागें अक्षरांचा एक गट असतो आणि त्यांतील तिसरें अक्षर बाहेरच्या रोगणाचें असतें. ‘ए’ असल्यास काळा, ‘के’ असल्यास फिका तांबडा. आंतील रंगाविषयीं मात्र तो क्रमांक मौन धरतो. ट्रायम्फच्या पुढच्या काळांतील गाड्या अधिक बोलक्या आहेत. त्यांच्या पाटीवर रोगण आणि अंतरंग या दोहोंचे आंकडे वेगवेगळे दिलेले असतात आणि त्या आंकड्यांची मांडणी मोठी सुबक आहे. शेवटचा आंकडा रंगाचें कुळ सांगतो: १ काळा, २ तांबडा, ३ तपकिरी, ४ पिवळा, ५ हिरवा, ६ निळा, ९ पांढरा. आधींचा आंकडा त्या कुळांतील विशिष्ट छटा दाखवितो. म्हणून ३२ म्हणजे ‘सिग्नल रेड’, २५ म्हणजे ‘कॉनिफर ग्रीन’, ५६ म्हणजे ‘रॉयल ब्लू’, १९ म्हणजे पांढरा. आणि पाटीवर अंतरंगाच्या चौकटींत १२ असेल तर बैठकी ‘मॅटॅडोर रेड’ नांवाच्या तांबड्या रंगाच्या. ही युक्ति ज्यानें योजिली त्याचे उपकार जीर्णोद्धार करणारांवर मोठे आहेत. इतर कारखान्यांनीं तिचें अनुकरण केलें असतें तर पुष्कळ तंटे मिटले असते.

परंतु दाखल्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. वही लिहिणारा कारकून ‘तांबडा’ एवढा एकच शब्द लिहून पुढच्या ओळीकडे वळे. तांबडा म्हणजे कुंकवासारखा कीं डाळिंबासारखा, हें लिहिण्याची त्याला गरज नव्हती. कारण त्या दिवशीं कारखान्यांत एकच तांबडा होता आणि तो सर्वांना ठाऊक होता. गोटाचा रंग, गालिचाची छटा, बैठकीच्या पाठीमागील रेक्झीन यांबद्दल वही बहुधा कांहींच सांगत नाहीं. वही सांगते ती कारखान्याच्या व्यवहाराची गोष्ट. गाडीच्या अंगावर प्रत्यक्ष काय होतें हें गाडीनेंच सांगावयाचें असतें. ऑस्टिन-हीलीचा व्यवहार याहून गुंतागुंतीचा होता. तिचीं शरीरें वेस्ट ब्रॉमविच येथें जेन्सन कंपनी बांधी, रंगवी आणि आंतून मढवी. मग तीं ऑस्टिनच्या लाँगब्रिज येथील कारखान्यांत, व पुढें ॲबिंग्डनला, यंत्रभाग बसविण्यासाठीं जात. ज्यानें कातडें चढविलें तो एक, आणि वही लिहिणारा दुसराच.

कागद आणि गाडी यांच्यामध्यें तिसरा एक साक्षीदार उभा असतो: कोणत्या रोगणाबरोबर कोणतें अंतरंग मिळे, याची कारखान्याची ठरीव यादी. गेडनच्या संग्रहाचे अभिलेखपाल म्हणून काम केलेले अँडर्स डिटलेव्ह क्लॉसागर यांनीं एम्‌जी, ऑस्टिन-हीली इत्यादि गाड्यांवर जीं पुस्तकें लिहिलीं त्यांत असल्या याद्या बारकाईनें दिल्या आहेत. पंधराशेच्या एम्‌जीएपुरतें बोलावयाचें तर ‘ओरिएंट रेड’ गाडीला तांबडें किंवा काळें अंतरंग, ‘ग्लेशिअर ब्लू’ आणि ‘टायरोलाइट ग्रीन’ या दोघींना राखी किंवा काळें, ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ला तांबडें किंवा काळें, आणि काळ्या गाडीला तांबडें किंवा हिरवें.

आतां समजा, १९५७ सालची एक एम्‌जीए कोणाच्या हातीं आली. क्रमांकांत ‘ए’ अक्षर आहे, म्हणजे ती काळी जन्मली. आंत पाहावें तों बैठकीही काळ्या. धनी म्हणेल, काळ्यावर काळें, यांत शंका कसली? परंतु यादी सांगते कीं काळ्या गाडीबरोबर काळें अंतरंग नियमित मिळतच नव्हतें. तेव्हां खास मागणीचा पुरावा नसेल तर हें काळें रेक्झीन मागाहून आलेलें असावें. दाखला मागविला आणि त्यांत ‘हिरवा’ हा शब्द आला. एवढ्यावर समाधान मानून बाजारांतून कोणतेंही हिरवें कातडें आणणारे पुष्कळ आहेत. कोणता हिरवा, हें कळण्यासाठीं मात्र गाडीच्या अंगाला हात घालावा लागतो.

जुन्या पैठणीचा मूळ रंग पाहावयाचा असेल तर पदर पाहून भागत नाहीं. वर्षानुवर्षें घडीच्या पोटांत राहिलेला भाग उलगडावा लागतो. मोटारीचेंही तसेंच आहे. जेथें ऊन पोंचलें नाहीं, घाम लागला नाहीं आणि नंतरच्या कारागिराला आळसामुळें जावेंसें वाटलें नाहीं, तेथेंच मूळ रंग टिकून राहतो. बैठकीच्या चौकटीखालीं दुमडून नेलेली कातड्याची कड, दाराच्या वरच्या पट्टीखालचा भाग, चकचकीत धातूच्या पट्ट्यांमागची रेघ, टपाची चौकट जेथें लाकडाला जखडलेली असते ती जागा, गिअरच्या उंचवट्यावर डिंकाला चिकटून राहिलेले गालिचाचे चार धागे, या त्या जागा होत. नवें रेक्झीन चढविणारानें जुनें फाडून काढलें तरी लाकडांत ठोकलेल्या चुकांच्या डोक्यांखालीं त्याचे नखाएवढे तुकडे राहून जातात. असा एक तुकडा दहा जाणकारांच्या मतांपेक्षां अधिक मोलाचा समजावा. लाकडांतील भोंकेंही बोलतात. चुकांच्या भोंकांची एकच रांग असेल तर वरचें आच्छादन मूळचें असण्याचा संभव आहे. दोन-तीन रांगा दिसल्या तर गाडी तितक्या वेळां मढविली गेली. दारांच्या तक्त्यांची मागील बाजूही पाहावी. कामगारांनीं तेथें खडूनें शरीराचा क्रमांक लिहिलेला पुष्कळदां आढळतो. तो गाडीच्या क्रमांकाशीं जुळला तर तो तक्ता याच गाडीचा, हें निश्चित होतें.

कातड्याची परीक्षा करणाराला तें कसें तयार होई हें ठाऊक असावें लागतें. जाग्वारसारख्या गाड्यांना कातडें पुरविणारी कॉनली ब्रदर्स ही लंडनची पेढी १८७८ सालीं निघाली आणि तिचा कातडीं कमावण्याचा कारखाना २००२ सालीं बंद पडला. ‘व्हॉमॉल’ नांवाचें तिचें कातडें मोटारींसाठीं फार प्रसिद्ध होतें. त्या कातड्याचा दिसणारा रंग आंतपर्यंत मुरलेला नसे. तो सेल्युलोज-रोगणाच्या पातळ थरांत वरच्या बाजूवर बसविलेला असे. म्हणून कातडें उलटें करून मागची बाजू पाहण्यांत अर्थ नाहीं. तेथें कमावलेल्या कातड्याचा स्वाभाविक राखी किंवा तपकिरी वर्णच दिसावयाचा. मात्र हा थर अखंड कातड्यावर, तें कापण्यापूर्वीं, चढविला जाई. यांतूनच एक अचूक कसोटी निघते. शिवणीचा टांका हलकेच उसवून आंत दुमडलेला भाग पाहावा. कारखान्याचा रंग शिवणीच्या आंत, टांक्याच्या पलीकडे, कापलेल्या कडेपर्यंत गेलेला असतो. मागाहून एखाद्या धन्यानें जागच्या जागीं ब्रशानें रंग फांसला असेल तर तो शिवणीपाशीं येऊन थांबतो आणि दोऱ्यालाही लागलेला दिसतो. मूळ दोरा स्वच्छ असतो, रंगविलेला दोरा माखलेला असतो. बारकीशी बाब, पण कित्येक ‘अस्सल’ अंतरंगांचें बिंग एवढ्यानेंच फुटलें आहे.

एम्‌जीएसारख्या बेताच्या किंमतीच्या गाड्यांत अस्सल कातडें केवळ बैठकीच्या अंगाला लागणाऱ्या भागावर असे. बाजू, पाठ आणि दारें यांना रेक्झिनाच्या जातीचें कापड लावीत. गाडी नवी असतांना दोहोंचा रंग एक दिसे. आज मात्र एकाच बैठकीवर दोन रंग दिसतात. कारण कातड्यावरील थर एका गतीनें पिवळसर व काळपट होतो आणि कापडावरील लेप दुसऱ्या गतीनें उतरतो. हें न ओळखणारा कारागीर त्या दोन छटांना मूळची रंगसंगति समजतो आणि नव्या बैठकी मोठ्या हौसेनें दोन रंगांच्या करून बसतो. एक्सके १२० च्या कांहीं उघड्या गाड्यांत खरोखरच बिस्किटी आणि तांबडा अशी दोन रंगांची जोडी मिळे. त्यामुळें हा भ्रम अधिकच पक्का होतो.

मूळ रंगाचा तुकडा मिळाल्यावर त्याच्याशीं नवें कातडें जुळवावयाचें, हें कामही वाटतें तितकें सोपें नाहीं. प्रथम तुकड्यावरचा मळ किंचित् ओलसर, मऊ कापडानें टिपून घ्यावा लागतो. जोरानें घासल्यास मळाबरोबर रंगाचा थरही निघून येतो आणि पुरावा हाताशीं येऊन नाहींसा होतो. त्यानंतर उजेडाचा प्रश्न. दुकानांत लुगडें घेतांना घरची बाई तें दाराशीं नेऊन उजेडांत पाहते, यांत मोठें शास्त्र भरलेलें आहे. दोन रंग निरनिराळ्या द्रव्यांपासून बनविलेले असले तर ते दिव्याखालीं तंतोतंत जुळतात आणि दिवसाच्या उजेडांत फटकून दिसतात. म्हणून उत्तरेकडील खिडकींतून येणारा सौम्य उजेड आणि विजेचा पिवळा दिवा, अशा दोन्ही ठिकाणीं नमुने शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें अवश्य असतें. केवळ डोळ्यांवर न विसंबणारे जाणकार अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यानें सुचविलेल्या पद्धतीचा आश्रय घेतात. तींत प्रत्येक रंगाला त्याचें कुळ, त्याचा उजळपणा आणि त्याचा तेजस्वीपणा अशा तीन मापांनीं स्थान दिलेलें असतें. विद्युत्-यंत्रानें मोजलेले आंकडेही आतां मिळतात. परंतु यंत्र मोजतें तें आजच्या तुकड्याचें. साठ-सत्तर वर्षांत तो किती उतरला याचा अंदाज माणसालाच करावा लागतो.

जुन्या छायाचित्रांवर पुष्कळांची भिस्त असते. तीं उपयोगी पडतात, पण त्यांतही खांचखळगे आहेत. जुन्या पद्धतीच्या कांहीं कृष्णधवल फिल्मला तांबडा प्रकाश दिसतच नसे. तिच्यावर लाल बैठक काळीकुट्ट उमटते. असें छायाचित्र पुढें करून ‘पाहा, बैठकी काळ्याच होत्या’ म्हणणारे भेटतात. रंगीत छायाचित्रांत १९३५ पासून निघालेल्या कोडाक्रोमच्या पारदर्शिका अंधाऱ्या पेटींत चांगल्या टिकतात. त्या काळच्या इतर रंगीत प्रतींतील निळसर रंगद्रव्य मात्र अगोदर उडतें आणि सगळें चित्र तांबूस होतें. विक्रीचीं पत्रकें तर चित्रकारानें रंगविलेलीं आणि छापखान्याच्या शाईनें आणखी बदललेलीं असतात. पहिल्या धन्याची आठवण हा पुरावा आदरानें ऐकून घ्यावा. गोट होता कीं नव्हता, गालिचा कोठपर्यंत होता, हें त्याला चांगलें आठवतें. छटा मात्र कोणालाच आठवत नाहीं.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. गाडी ज्याची त्यानें ती आपल्या आवडीच्या रंगानें मढवावी, त्यांत इतरांचें काय जातें? हा युक्तिवाद अगदींच निराधार नाहीं. तांबड्याचा कंटाळा असलेल्या माणसानें जन्मभर तांबड्या बैठकीवर बसावें असा दंडक कोणी घालूं शकत नाहीं. खरें नुकसान निवडीनें होत नाहीं, तें घाईनें होतें. अंतरंग बदलावयाचें ठरलें कीं कारागीर पहिल्याच दिवशीं जुन्या बैठकी फाडतो, तक्ते मोडतो, काथ्या व स्पंज कचऱ्यांत टाकतो आणि लाकूड घासून स्वच्छ करतो. ज्या चुकांखालीं शेवटचा हिरवा तुकडा होता त्या चुकाही त्याच कचऱ्यांत जातात. त्या दिवसानंतर, धन्याचें मन बदललें तरी, त्या गाडीचा मूळ रंग सांगणारें जगांत कांहीं उरत नाहीं. नवा रंग पुन्हां बदलतां येतो. गेलेला पुरावा परत येत नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं तुरिन येथें संमत केलेल्या सनदेंतही कामापूर्वीं अभ्यास करावा व केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवावी, यावर भर दिला आहे तो याचसाठीं.

म्हणून जाणते कारागीर एक क्रम पाळतात. कांहींही उसवण्यापूर्वीं सर्व भागांचीं छायाचित्रें घेतात आणि प्रत्येकांत रंगांची प्रमाणपट्टी शेजारीं ठेवतात, म्हणजे पुढें छापतांना रंग बदलला तरी त्याची दुरुस्ती करतां येते. शिवणींची रुंदी, पट्ट्यांची संख्या, गोटाची जाडी मोजून लिहून ठेवतात. बैठकीच्या खालचा तक्ता नीट असेल तर त्याला हात लावीत नाहींत. जुन्या कातड्याचा, कापडाचा, गालिचाचा आणि गोटाचा एकेक तुकडा कापून, कोणत्या जागेचा तें लिहून, कागदी पाकिटांत घालून तीं पाकिटें उजेडापासून दूर, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवून देतात. गाडी विकली गेली तर तीं नव्या धन्याकडे जातात. कोणी याहून एक पाऊल पुढें जातात आणि नवें कातडें चढवितांना बैठकीच्या तळाशीं, कोणाला सहसा दिसणार नाहीं अशा ठिकाणीं, जुन्या कातड्याची हातभर पट्टी तशीच चुकांनीं ठोकलेली राहूं देतात.